एकाच नावाच्या दोन किल्ल्या

आमच्या वडगावच्या घरात नव्या काठाची नक्षी पत्तेवाल्याला मिळाली, की तिचा घरातला कागद न्हाणीतल्या चुलीत जातो. ही रीत कोणी सुरू केली मला माहीत नाही. माझे वडील, म्हणजे आप्पा, तसं करतात. त्यांचे वडीलही करायचे.

ज्यांच्या घरी माग नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. साडीचा काठ विणण्याआधी तो चौकटीच्या कागदावर काढतात. कागदावरची एक ओळ म्हणजे बाण्याचा, आडवा, एक धागा. पत्तेवाला त्या ओळी बघून जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतो, एका ओळीला एक पट्टी. या पट्ट्यांना आम्ही पत्ते म्हणतो. त्यांची माळ मागाच्या डोक्यावर चढवली की भोकांप्रमाणे धागे उचलले जातात आणि कागदावरचं चित्र कापडात उतरतं. म्हणजे ज्याच्या हाती कागद, त्याच्या मागावर काठ. आणि आमच्या गल्लीत दिवसा कोणाचंच दार बंद नसतं. विरजण मागायला आलेली बाईसुद्धा मागाशेजारी पाच मिनिटं उभी राहते. म्हणून पत्तेवाल्याकडे नक्कल पाठवायची आणि त्याचा ‘मिळालं’ असा निरोप आला, की मूळ कागद घरात ठेवायचा नाही.

एवढं करूनही दोन वर्षांपूर्वी आप्पांचा एक काठ गेला. कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्याच्या लोखंडी फाटकावर वेलीसारखं काम आहे, त्यावरून त्यांनी तो काढला होता. आमचे पत्ते मागावर चढायच्या आधीच तो पलीकडच्या गल्लीत विणून झाला. आप्पा नमुना घेऊन शहापूरच्या दुकानात गेले, तेव्हा दुकानदार म्हणाला, “हे आलंय की मार्केटला. तुमी कुणाचं बगून केलासा?”

ज्याने विणला तो आमच्या नात्यातलाच. पत्तेवालाही वडगावातला, त्याच्या कंप्युटरपुढे दिवसभर दहा जण बसलेले. कोणाला बोलणार? आप्पा भांडले नाहीत. त्यांनी फक्त नवीन काढणं बंद केलं. आमचे दोन्ही यंत्रमाग जुन्याच काठांवर चालू राहिले. संध्याकाळी माग बंद झाल्यावर ते पेन्सिल घेऊन दारात बसायचे, ती जागा रिकामी राहू लागली. आई एकदा फक्त म्हणाली, “त्यांचा हात गप बसलाय.”

मी बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे एक अडचण अशी, की मला काय येतं हे घरात कोणी तपासू शकत नाही, आणि काय येत नाही हेही. ते मलासुद्धा उशिरा कळतं.

तर वर्गात सरांनी जोडकिल्लीचं गणित शिकवलं. प्रत्येकाकडे दोन किल्ल्या असतात. एक जगाला वाटायची, एक स्वतःजवळ ठेवायची. वाटलेल्या किल्लीने कोणीही तुमच्यासाठी मजकूर कुलूपबंद करू शकतो, पण तो उघडतो फक्त तुमच्या जवळच्या गुप्त किल्लीने. बाकीच्यांनी परीक्षेसाठी आकृती उतरवून घेतली. मी पण घेतली. पण माझ्या डोळ्यांपुढे आमचा चौकटीचा कागद येत होता. एरवी मी वर्गात हात वर करत नाही. त्या दिवशी तास संपल्यावर सरांच्या मागे जाऊन विचारलं, “सर, हे खरोखर वापरता येतं का? म्हणजे साध्या माणसांना?” सरांनी एका मोफत सॉफ्टवेअरचं नाव लिहून दिलं आणि म्हणाले, “करून बघ. अडकशील, पण बघ.”

घरी येऊन मी आप्पांना समजावलं. सुताचा ताणा जोडता जोडता ते ऐकत होते.

“म्हणजे कुलूप तिकडच्या माणसाचं,” आप्पा म्हणाले. “दाबून लावायचं आपण. उघडायचं त्यानं.”

“व्हय आप्पा.”

“मधी कुणी धरलं तर?”

“नुसता कचरा दिसतोय.”

“आणि आपल्यालाच परत उघडून बगायचं झालं तर?”

“आपल्याला कशाला लागतंय? आपल्याकडं मूळ असतंय की.”

आप्पांनी मान डोलावली. मीही पुढच्या गोष्टीकडे वळले. त्यांनी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारला होता आणि मी तो शिकलेल्या मुलीच्या थाटात झटकून टाकला होता, हे तेव्हा मला कळलं नाही.

आठवडाभराने ते दारात पेन्सिल घेऊन बसले.

या वेळी काठ होता कांद्याच्या फुलाचा. बियाण्यासाठी ठेवलेल्या कांद्याला लांब देठावर गोल गेंद येतो, जवळून पाहिलं तर त्यात बारीक बारीक चांदण्या असतात. आप्पांनी तो येळ्ळूरच्या वाटेवर एका शेतात पाहिला होता.

आई बाण्याच्या सुताच्या कांड्या भरत होती. ती म्हणाली, “लगनाच्या साडीवर कांदा? नवरी मांडवात रडायला लागंल.”

“फूल हाय त्ये.”

“कांद्याचंच की.”

“तू बगशील तवा तूच मागशील,” आप्पा म्हणाले, आणि खोडरबराने एक देठ पुसून पुन्हा काढला. ते दोघं असं बोलताना बऱ्याच दिवसांनी ऐकलं मी.

अडीच महिने हे चाललं. आप्पा कागदावर काढायचे, मी ते माझ्या जुन्या लॅपटॉपवर चौकोन चौकोन भरायचे. मग पडद्यावर बघून ते बदल सांगायचे. “ही चांदणी एक धागा डावीकडं घे.” “देठ जाड झालाय, बाभळीवाणी दिसाय लागलाय.” शेवटी शेवटी कागद मागे पडला आणि खरी नक्षी लॅपटॉपमध्येच राहिली. एकशे ब्याण्णव ओळी. शहापूरचा दुकानदार म्हणाला होता, लग्नसराईच्या आधी नमुना आणा, नवीन असेल तर बघतो.

वडगावातल्या पत्तेवाल्याकडे जायचं नाही हे आप्पांनी ठरवलंच होतं. सुताच्या एका व्यापाऱ्याने निपाणीच्या एका बाईंचं नाव सुचवलं. त्या इचलकरंजीला सासरी असताना पत्ते पाडायला शिकल्या होत्या आणि यजमान आणि मशीन घेऊन माहेरच्या गावी परत आल्या होत्या. पंचेचाळिशीच्या असतील. सगळे त्यांना आक्का म्हणतात, मीही म्हणू लागले.

आक्कांनी फोनवरच सांगितलं, “पोरी, खरं बोलू का? माझ्या मशीनपुढं रोज चार गिऱ्हाइकं बसत्यात. मेल उघडीच असती. तुझ्या आप्पांची नक्षी तशी पाठवलीस तर मी न्हाय बगणार, पण कोण बगंल ते मला सांगता यायचं न्हाय.” हा प्रामाणिकपणा मला आवडला. त्यांच्याकडे आतल्या खोलीत एक स्वतःचा लॅपटॉप होता. त्यावर ते सॉफ्टवेअर कसं घालायचं, किल्ल्यांची जोडी कशी बनवायची, हे मी फोनवर सांगितलं. त्यांनी एकटीने ते केलं आणि वाटायची किल्ली मला मेलने पाठवली. मी ती माझ्या यादीत घेतली.

पुढच्या रविवारी मी निपाणीला गेले, सगळं नीट चालतं का बघायला. चाचणीचा एक निरोप कुलूपबंद करून पाठवला. आक्कांच्या लॅपटॉपने पासवर्ड मागितला. आक्का पडद्याकडे बघत राहिल्या.

“काय ठेवलातं गं मी?”

“आक्का, ते मला कसं म्हाईत असणार?”

“तव्यावर भाकरी होती. एका हातानं भाकरी उलटली, एका हातानं पासवर्ड टाकला. भाकरी कशी झालती ते आठवतंय.”

बाहेरून त्यांचे यजमान ओरडले, “करपलीती!”

“तुम्हाला कुणी विचारलं?” आक्का म्हणाल्या.

अर्धा तास प्रयत्न करून आम्ही तो नाद सोडला. नवी जोडी बनवली. या वेळी आक्कांनी शांतपणे बसून पासवर्ड ठेवला आणि तीनदा टाकून दाखवला. मी म्हटलं, “जुनी जोडी काढून टाका, गोंधळ नको.” त्यांनी विचारलं, “टाकू? नक्की?” मी म्हटलं, “नक्की.” त्यांनी ती कायमची काढून टाकली. नवी किल्ली मी पेनड्राइव्हवर घेतली, तिथेच माझ्या लॅपटॉपमध्ये घातली, आणि ‘चहा झाला का?’ एवढाच निरोप पाठवला. तो त्यांच्याकडे झटकन उघडला. आक्कांनी टाळी वाजवली. मग खरंच चहा झाला. संकेश्वरमार्गे जाणारी बस चुकू नये म्हणून मी घाईने निघाले.

माझ्या यादीतली त्यांची जुनी किल्ली मात्र तशीच राहिली होती. नाव तेच, मेलचा पत्ता तोच. वर जुनी, खाली नवी.

नक्षी पूर्ण झाली त्या दिवशी मी फाइल उघडली, आप्पांना एकदा दाखवली, कुलूप लावायला घेतली. ‘कोणासाठी?’ असं सॉफ्टवेअरने विचारलं. मी यादीतलं आक्कांचं नाव निवडलं. वरचं. खाली आणखी एक चौकोन होता, ‘स्वतःसाठीही’ असा. त्यावर खूण असेल तर फाइल माझ्या किल्लीनेही उघडली असती. मी ती खूण काढली. माझ्या मनात आलं, जितक्या कमी किल्ल्या तितकं सुरक्षित. पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कांचा फोन आला. आप्पा जवळच होते म्हणून मी आवाज मोठा केला.

“मिळालं गं पोरी, मिळालं. आत्ता मशीनवर दुसऱ्याचं काम हाय, सोमवारी घेते.”

आप्पांनी एवढंच ऐकलं. उठले, कपाटामागून कागद काढले, सगळे, पहिल्यापासूनचे, आणि न्हाणीत गेले. परत येताना हात झटकत म्हणाले, “तुझ्या त्या डब्यातलं बी जाळून टाक बग. अर्धवट राखण काय कामाची?”

मी फाइल पुसून टाकली. नुसती कचरापेटीत नाही, तिथूनही. मला त्या क्षणी फार बरं वाटत होतं. आप्पांच्या बरोबरीने मीही रीत पाळत होते. पूर्वी पत्तेवाल्याच्या हातात कागद गेला म्हणजे तो त्याला दिसलाच. मिळणं आणि वाचता येणं यांत फरकच नव्हता. ‘मिळालं’ या एका शब्दावर आमच्या घरात किती वर्षं कागद जळत आले आणि कधी काही बिघडलं नाही. कुलूप लावून पाठवलेली वस्तू मिळते आणि तरीही उघडत नाही, असं होऊ शकतं हे आप्पांना माहीत असायचं कारण नव्हतं. मला होतं.

सोमवारी दुपारी आक्कांनी पडद्याचा फोटो पाठवला. इंग्रजीत एक ओळ होती, तिचा अर्थ, या फाइलची गुप्त किल्ली या यंत्रावर नाही. आधी मी म्हटलं, सॉफ्टवेअर बंद करून चालू करा. मग म्हटलं, फाइल पुन्हा उतरवून घ्या. मग त्यांना गुप्त किल्ली यादीत दिसते का विचारलं. दिसत होती. मग मी दोन्हीकडच्या किल्ल्यांची चाळीस अक्षरांची खूण बघितली. प्रत्येक किल्लीची अशी एक खूण असते, नावं सारखी असली तरी ती वेगळी असते. आक्कांनी शेवटची आठ अक्षरं वाचून दाखवली. मी ज्या किल्लीने कुलूप लावलं तिची शेवटची आठ अक्षरं ती नव्हती.

जुन्या जोडीची गुप्त किल्ली मीच काढून टाकायला लावली होती. ती असती तरी तिचा पासवर्ड करपलेल्या भाकरीबरोबर गेला होता. माझ्या किल्लीने ती फाइल उघडणार नव्हती. मूळ फाइल नव्हती. कागद नव्हता.

आप्पांना सांगायला मला अर्धा दिवस लागला. मागाच्या खडखडाटात दोनदा जवळ गेले आणि परत आले. शेवटी त्यांनीच माग थांबवला.

“काय झालं?”

“आप्पा, ती फाइल आक्कांकडं उघडत न्हाय.”

“मिळाली म्हणालती की.”

“मिळाली. पण मी चुकीची किल्ली लावली.”

“मग बरोबरची लाव.”

“जिनं उघडंल ती किल्ली आता कुणाकडंच न्हाय.”

आप्पांनी विचारलं, “कुणाकडंच म्हणजे? चोराकडं बी न्हाय?”

“न्हाय.”

“मग कुलूप लई पक्कं हाय म्हण की,” ते म्हणाले आणि माग चालू केला.

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्या दिवसापासून त्यांनी काठाचं नाव काढलं नाही. संध्याकाळी दारात बसले नाहीत. आई मला कांड्या भरायला बोलावून हळूच म्हणाली, “दोन वरसांनी पेन्सिल धरलीती त्यांनी.” तिने टोमणा मारला नव्हता. म्हणून जास्त लागलं.

मी सरांकडे गेले. ते म्हणाले, कुलूप फोडायचा विचार सोड, ते फुटत नाही, त्यासाठीच ते बनवलंय. पण पुसलेली फाइल शोधायला हरकत नाही, लॅपटॉप जुन्या पद्धतीच्या डिस्कचा आहे, आणि त्या दिवसापासून त्यावर किती काम केलंस त्यावर अवलंबून. त्यांनी पुसलेलं शोधणारं एक सॉफ्टवेअर दिलं. ते चार तास चाललं. शेवटी नक्षीची फाइल सापडली, पण वरचा मोठा भाग काळा. ते चित्र ज्या प्रकारात ठेवलेलं असतं त्यात खालच्या ओळी आधी साठवतात, म्हणून खालच्या एकसष्ट ओळी वाचल्या होत्या. देठ, पानं आणि गेंदाची सुरुवात. वर अंधार.

ते मी आप्पांना दाखवावं की नाही मला कळत नव्हतं. अर्धं दाखवून आणखी दुखवायचं का? पण लपवणंही बरं वाटेना. दुपारच्या जेवणानंतर लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, “एवढंच आलं.”

त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. “हितं देठ वाकडा हाय. मी तुला सांगितलंतं.”

“तुम्ही न्हाय सांगितलं.”

“सांगितलंतं. तू ऐकलं नसशील.” थोडं थांबून म्हणाले, “पेन्सिल कुटं हाय?”

मी आक्कांना फोन करून सगळं खरं खरं सांगितलं, माझी चूक कोणती तेही. आप्पांना त्या मामा म्हणत. म्हणाल्या, “मामांना हिकडं घेऊन ये. कागद नसला म्हणून काय झालं? तोंड हाय की. सासऱ्यांच्या काळात जुने विणकर येऊन तोंडानं सांगायचे आणि आमी पत्ते पाडायचो. मला येतंय त्ये.”

आप्पा आधी तयार नव्हते. “दुसऱ्याच्या दारात बसून मोठ्यानं नक्षी सांगायची? गावजेवण हाय काय?” पण पेन्सिलीने घरी प्रयत्न केला तर गेंदाच्या मध्यावर हात अडखळत होता, आणि दुकानदाराने दिलेली मुदत जवळ येत होती. दोन दिवसांनी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून उभे राहिले. “चल. बस कितीची हाय?”

काकती गाव मागे गेलं. संकेश्वरच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्यांमुळे बस रांगेत थांबली, तेव्हा मी पाहिलं, त्यांची बोटं गुडघ्यावर काहीतरी मोजत होती. तीन, मग एक, मग चार. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

आक्कांनी आम्हाला आत बसवलं आणि रस्त्याकडचं दार लावून घेतलं. यजमानांना सांगितलं, “कोण आलं तर सांगा, मशीन आज बंद हाय.”

“काय झालंय म्हणून सांगू?”

“पोटात दुखतंय म्हणून सांगा.”

“मशीनच्या?”

“तुमच्या सांगा!”

आप्पा हसले. मग चष्मा पुसला आणि बासष्टाव्या ओळीपासून सांगायला लागले. “चार सोड. एक उचल. दोन सोड. तीन उचल.” नक्षी मध्याला दुमडलेली, डावी बाजू आली की उजवी तीच उलट, म्हणून निम्मंच सांगायचं होतं. आक्का मशीनवर पत्ता पाडायच्या आणि मी त्याच वेळी लॅपटॉपवर चौकोन भरायचे. कुठे अडलं की आप्पा डोळे मिटून बोटांवर मोजायचे. काही ठिकाणी मलाच आठवायचं, कारण प्रत्येक चौकोन मी हाताने भरला होता. “आप्पा, हितं चांदणी एक धागा डावीकडं घेतलीती आपण.” “व्हय, व्हय. बरं झालं.”

सुरुवातीला बाहेर पावलं वाजली की ते गप्प व्हायचे. दुपारनंतर होईनासे झाले. एकदा कोणीतरी दार वाजवून “आक्का हाय काय?” असं विचारलं, तेव्हा आप्पा आपले मोठ्याने “पाच सोड, दोन उचल” सांगतच राहिले. आक्कांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

गेंदाच्या वरच्या भागात आठ-नऊ ओळी मात्र कोणालाच आठवल्या नाहीत. आक्का म्हणाल्या, “मामा, चहा घ्या, येतंय आठवून.” चहा झाला, तरी आलं नाही. आप्पा रिकाम्या चौकोनांकडे बघत होते. मला वाटलं आता उठतील. ते म्हणाले, “आठवत न्हाय. नवीन सांगतो, लिव.” आणि त्यांनी गेंदातून एक चांदणी सुटून बाजूला पडल्यासारखी सांगितली. आधीच्या नक्षीत ती नव्हती, एवढं मला नक्की माहीत आहे.

दोन दिवस लागले. मधली रात्र आम्ही आक्कांकडेच राहिलो. दुसऱ्या दिवशी दुपारी एकशे ब्याण्णवावा पत्ता पडला, आक्कांनी माळ शिवून बांधली आणि आप्पांच्या हातात दिली. आप्पांनी ती पिशवीत ठेवली. मग माझ्या लॅपटॉपकडे बोट करून म्हणाले, “ह्यातली फाइल ऱ्हाऊ दे. पण उघडी नको. मला एक किल्ली करून दे.”

“माझी हाय की आप्पा. माझ्या किल्लीनं लावते.”

“तुझी तुला. नक्षी माझी हाय.”

मी त्यांच्यासाठी जोडी बनवायला घेतली. पासवर्डच्या चौकटीपाशी आल्यावर ते म्हणाले, “तिकडं तोंड कर.” मी भिंतीकडे वळले. आक्काही वळल्या. मागे एकेक कळ दाबल्याचा आवाज येत होता, फार सावकाश, आणि तो बराच वेळ संपला नाही. दोनदा दोन्हीकडचं जुळलं नाही म्हणून सॉफ्टवेअरने नाकारलं. आम्ही दोघी भिंतीकडे बघत उभ्या. तिसऱ्यांदा जुळलं. मी गुप्त किल्लीची एक प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर घेऊन आप्पांच्या खिशात दिली, आक्कांची जुनी किल्ली माझ्या यादीतून त्यांच्यादेखत काढली, आणि फाइल आप्पांच्या आणि आक्कांच्या, दोन्ही किल्ल्यांनी कुलूपबंद केली. या वेळी मूळ फाइल पुसायच्या आधी दोघांनाही ती उघडून दाखवायला लावली. आप्पांनी पुन्हा आम्हाला भिंतीकडे वळवलं. मग म्हणाले, “बगा आता.” पडद्यावर कांद्याचं फूल होतं.

नमुना विणला तेव्हा आईने पदरासारखा तो खांद्यावर टाकून आरशात पाहिला आणि जपून घडी केली. शहापूरच्या दुकानदाराने तो उजेडात धरला, उलटा करून पाहिला, आणि विचारलं, “हे कुटलं?” आप्पा म्हणाले, “आमचं.” दुकानदाराने नमुना ठेवून घेतला. लग्नसराईसाठी म्हणून दोन्ही माग आता त्याच काठावर चालू आहेत. हा काठही कधीतरी कोणी बघून काढेल. दुकानात लागलेली साडी कोणालाही दिसते, त्याला कुलूप नाही. आप्पांना ते माहीत आहे. ते म्हणतात, तवर दुसरा व्हईल.

दुसरा सुरू झाला आहे. काय आहे ते मी सांगणार नाही.

मागच्या आठवड्यात आक्कांनी नवा लॅपटॉप घेतला. किल्ल्या तिकडे नेताना, आपल्याकडे आलेली आप्पांची वाटायची किल्ली खरंच त्यांचीच आहे ना, हे त्यांना ताडून बघायचं होतं. मी म्हटलं, मी खूण वाचून दाखवते. आप्पांनी फोन माझ्या हातातून घेतला. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. पण त्या खुणेत आकडे असतात आणि अक्षरं फक्त सहाच, ए पासून एफपर्यंत. ती सहा अक्षरं त्यांनी आठवडाभर कांड्यांच्या खोक्यावर खडूने लिहून पाठ केली होती, हे मला तेव्हा कळलं.

“आक्का, ऐका,” ते म्हणाले. त्यांनी चष्मा नाकावर घेतला आणि पडद्यावर बोट टेकवलं. “नऊ. बी. दोन. दोन. ई...” प्रत्येक अक्षरानंतर थांबून ते आक्कांचा हुंकार ऐकत होते. मध्ये एकदा डी आणि बी यांच्यात अडखळले, परत मागे गेले, बरोबर केलं. माझ्याकडे पाहिलं नाही. आईने कांड्यांचं चाक थांबवलं होतं.

चाळिसावं अक्षर झालं. पलीकडून आक्का म्हणाल्या, “जुळलं मामा. सगळं जुळलं.”

“आता फुलाची फाइल उघडून बगा,” आप्पा म्हणाले. “उघडलं की मग सांगा.”